पुढचे दोन, मागचे दोन

दिवेआगरात वाटण्या नीट होतात. नीट म्हणजे अशा, की पुढच्या दोन पिढ्यांना भांडणाचा विषय शोधत हिंडावं लागू नये. हरेश्वर आणि परेश या सख्ख्या भावांची वाटणी झाली तेव्हा वाडीतल्या उभ्या सुपाऱ्या मोजल्या गेल्या, वादळात आडव्या झालेल्याही मोजल्या गेल्या, विहिरीचं पाणी सकाळ-संध्याकाळ असं वाटलं गेलं, आणि धुणं धुवायचा दगड नेमका हद्दीवर आल्यामुळे त्याच्यावर कोळशानं रेघ ओढण्यात आली. ती पहिल्याच धुण्याबरोबर वाहून गेली, पण कागदावर अजून आहे.

शेवटी राहिली एटीव्ही, वाळूत चालणारी ती चार चाकांची फटफटी.

वादळानं सुपारी झोपवल्यावर दोघांनी मिळून पुण्याच्या एका माणसाकडून ती जुनी घेतली होती. पर्यटकांना मागे बसवायचं, किनाऱ्यावर एक फेरी मारून आणायची आणि पैसे घ्यायचे, असा धंदा. नवी लावलेली सुपारी धरायला अजून सहा वर्षं होती, तोवर दोन्ही घरच्या चुली ही गाडीच पेटवत होती. म्हणून ती विकायची नाही, यावर भावांचं एकमत झालं. ते शेवटचं. पण वाटणीपत्र लिहिणारे दादूअण्णा तलाठी कचेरीत पस्तीस वर्षं काढून आलेले. एखादी वस्तू अखंड सोडायची म्हणजे त्यांच्या लौकिकाला बट्टा. त्यांनी तोडगा काढला : चालवायला गाडी एक दिवस ह्याची, एक दिवस त्याची. दुरुस्तीला मात्र पुढचा भाग हरेश्वरचा, मागचा परेशचा. मधलं इंजिन सामायिक, विहिरीच्या पायवाटेसारखं.

परेश खूश झाला. हँडल, दिवा, ब्रेकच्या तारा, मोडण्यासारखं जे जे म्हणून होतं ते सगळं पुढे. मागे काय, दोन टायर आणि एक कॅरियर. वर्षभरात त्याला कळलं की वाळूत गाडी रेटतात ते मागचे टायर, आणि झिजून मरतात तेही तेच. हरेश्वरनं हे आधीच ताडलं होतं की नाही, देव जाणे. पण वाटणीच्या दिवशी तो दोन आंबोळ्या जास्त जेवला होता, एवढं सुचिताला आठवत होतं.

सुचिता हरेश्वरची बायको. परेशची बायको कल्पिता. भावांनी बोलणं टाकलं त्याला आता तीन वर्षं होत आली होती. जावांना मात्र कोणी बोलणं टाकायला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा नळाला पाणी आलं असेल. त्या रोज सकाळी त्या दगडावर आपापल्या बाजूला बसून धुणं धूत, आणि दोन्ही घरच्या बातम्यांचा मळ काढत.

डिसेंबर लागला आणि मागचे टायर पार गोटा झाले. नक्षीचं नाव नाही, हात फिरवला तर पाट्यावरून फिरवल्यासारखा. गाडी सरळ चालायची सोडून तिरकी चालू लागली, आणि गावानं खेकड्यावरून तिचं नाव चिंबोरी ठेवलं. मागल्या रविवारी परेशच्या पाळीत पुण्याच्या एक बाई बसल्या होत्या. गाडी वळायच्याऐवजी सरकली, आणि बाईंना घेऊन गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. बाईंना काही झालं नाही. त्यांनी पाण्यातच चार फोटो काढून घेतले. पण किनाऱ्यावर बाबाजी उभा होता.

बाबाजी फेरीवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. किनाऱ्यावर आठ एटीव्ही, आठ नंबर, नववीला जागा नाही. चिंबोरीचा नंबर पाच. बाबाजीच्या जावयानं, गणराजनं, दिवाळीला कोरी गाडी घेतली होती. ती अंगणात ताडपत्रीखाली नंबरची वाट बघत होती. तेव्हापासून बाबाजीला पर्यटकांच्या जिवाची फार काळजी वाटू लागली होती.

"शनवारी सकाळी आठला टायर तपासणार," त्यानं जाहीर केलं. "गोटा टायरची गाडी लायनीत उभी ऱ्हाणार न्हाय. आणि नंबर गेला तो गेला, मागून रडायचं न्हाय."

नाताळचा आठवडा पुढ्यात होता. नंबर गेला तर सुपारी धरेपर्यंत दोन्ही घरांनी काय वाळू चाळून खायची, हा प्रश्न सुचिताला त्या दिवसापासून पडला. भावांना दुसराच पडला होता : चूक कोणाची?

सोमवारी सकाळी दोघे अंगणात तीन हातांवर उभे राहून बोलले. एकमेकांशी नव्हे, सुचिताशी. ती मध्ये बसून सोडे निवडत होती.

"सुचिता, तुझ्या दिराला सांग, मागचे टायर त्याचे. कागद आहे."

"वहिनी, ह्यांना सांगा, टायर माझे, पण झिजवले कोणी? ह्यांच्या पाळीला गाडी वाळूत आठाचे आकडे काढते. गिऱ्हाईक किंचाळलं की ह्यांच्या अंगात येतं."

"त्याला सांग, पुढचे बघ म्हणावं. तीच गाडी, तीच वाळू. कसे ठेवलेत बघ!"

पुढचे कसे ठेवले होते, हे सुचिताइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तेही गोटाच झाले होते. महिन्यापूर्वी हरेश्वर दोन दुपारी स्टोव्ह घेऊन ओटीवर बसला होता, आणि तापलेल्या सळईनं टायरवर नवी नक्षी कोरली होती. सुरुवात सरळ रेघांनी केली. मग कंटाळा आला. डाव्या टायरवर माशाचे खवले आले, उजव्यावर आंब्याची पानं. लांबून टायर नवा वाटे, जवळून सत्यनारायणाची तयारी.

"दोघांनाही सांगते," सुचिता म्हणाली, "मांजर सोड्यांत आलंय, त्याला हाकला."

त्याच दिवशी परेशनं आपल्या डोक्यानं स्वस्तातला मार्ग काढला. गाडीची रिम आठ इंची. रिक्षाची रिमही आठ इंची. बोर्ली पंचतनच्या रिक्षावाल्याकडून त्यानं दोन जुने टायर चहाच्या भावात आणले आणि मागे चढवले. ते बसलेही. गाडी मोठ्या ऐटीत किनाऱ्यावर उतरली, वीस पावलं गेली, आणि मागून जमिनीत शिरली. बारीक टायर वाळू कापत खाली गेले, मागे दोन सरळ, खोल तासं पडली.

शहाळीवाली येसूबाई कोयता थांबवून बघत होती. "नांगरट बरी झालीय रं परेश," ती म्हणाली. "आता वाल पेर."

मंगळवारी कल्पितानं मोबाईलवर नवे टायर बघितले. मागची जोडी नऊ हजार, वर यायला आठ दिवस. शनिवार चार दिवसांवर. बुधवारी सुचितानं जुना टायर रिमसकट गोणत्यात घातला आणि म्हसळ्याची एसटी धरली. कंडक्टरनं गोणत्याचं वेगळं तिकीट फाडलं. टायरला खिडकीची जागा मिळाली, तिला मिळाली नाही.

म्हसळ्याच्या नाक्यावर मुनाफभाईचं टायरचं दुकान. त्यानं गोणतं उघडलं, टायरवर बोट फिरवलं, आणि बोटाकडे बघितलं.

"भाभी, ह्यो टायर न्हाय, पापड हाय. ह्याच्यावर माणसं बसवता तुम्ही?"

"पुण्याची बसवतो."

"मग खैर." तो टेप लावून मोजू लागला. "आठाची रिम. ह्या मापाचा नवा माल आमच्याकडं कोण ठेवतो? पनवेलहून मागवायचा तर शनवार निघून जाईल." मग तो थांबला आणि टेप गळ्यात टाकून विचार करू लागला. "एक करता येईल. अलिबागकडं एक मोठं रिसॉर्ट हाय. पाहुण्यांना खोलीपास्नं जेवायला न्यायला बॅटरीच्या पांढऱ्या गाड्या ठेवल्यावत. माणसं पन्नास पावलं चालत न्हाईत, भाभी, मंग जेवतात कशी अल्ला जाणे. त्यांनी दोन गाड्या भंगारात काढल्या. टायर माझ्या भाच्यानं उचलले. आठाचीच रिम, रुंद टायर, वाळूत बुडणार न्हाय. नक्षी बारा आणे शाबूत."

"मागचे दोन द्या."

"तिथंच तर घोळ हाय. त्या गाडीला पुढं-मागं न्हाय, चारी टायर एका मापाचे. चारचा सेट छत्तीसशेला. सुटे भाचा देत न्हाय. आणि तुम्हीपण मागं उंच, पुढं बारीक असं घालू नका, गाडी फुगडी घालंल. घाला तर चारी."

छत्तीसशेत चार. म्हणजे एकेकाला अठराशे. कोणत्याही दुसऱ्या गावात गोष्ट इथंच संपली असती.

"तुझ्या भाऊजींना पटेल, पुढचे टायर बदलायला हवेत म्हणून?" गुरुवारी सकाळी सुचितानं धुण्याच्या दगडावर विचारलं. "स्वतः कोरलेत. आंब्याची पानं आहेत त्यांच्यावर."

"आणि आमचे हे म्हणणार, दादानं पैसे काढले तर मी काढतो," कल्पिता चादर पिळत म्हणाली. "म्हणजे कोणीच काढणार नाही. दोघं हात बांधून उभे राहणार, आणि नंबर नेणार बाबाजीचा जावई."

"मग एकानं चारही घ्यायचे."

"फुकट? दुसऱ्याच्या अर्ध्याला? एवढ्या मोठ्या मनाचे असते तर ह्या दगडावर रेघ कशाला ओढली असती, ताई?"

सुचितानं साबण खाली ठेवला. "फुकट कशाला? फणसाचं काय झालं?"

फणसाची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. ह्या भावांच्या आजोबांनी कधीकाळी शेजाऱ्याच्या हद्दीत फणस लावला. जमीन शेजाऱ्याची, झाड ह्यांचं, कारण झाड ज्यानं लावलं त्याचं, हा इथला कायदा. दर उन्हाळ्यात दोघे भाऊ, एकाच शिडीची दोन टोकं धरून पण एकमेकांकडे न बघता, शेजाऱ्याच्या अंगणात जात आणि फणस उतरवून आणत. शेजारी खुर्चीवर बसून आपल्या जमिनीकडे बघत राही.

कल्पितानं चादर तशीच हातात धरली. मग तिला कळलं, आणि ती एवढी हसली की चादर परत दगडावर पडली.

दुपारी दोन वाजता हरेश्वर बोंबलाचं कालवण भुरकत असताना सुचिता सहज म्हणाली, "भाऊजी चारही टायर घेतायत म्हणे."

"मागचे दोन. मागचे त्याचे."

"चार. पुढचेही तेच घालणार. स्वतःच्या पैशानं."

हरेश्वरचा घास थांबला. "पुढे माझी हद्द आहे."

"रिम तुमची आहे की. टायर त्यांचा होईल. जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं, तसंच. मला काय कळतं त्यातलं? दादूअण्णांना विचारा."

दादूअण्णांना विचारायची गरज नव्हती. दादूअण्णा काय म्हणतील, हे हरेश्वरला बोंबलाच्या काट्यापर्यंत स्पष्ट दिसलं. आज टायर, उद्या टायरवरचं हँडल. परवा आपण खुर्चीवर बसून आपल्याच गाडीकडे बघत राहणार. तो हात न धुता उठला, डाव्या हातानं खुंटीवरचा रेनकोट काढला आणि त्याच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. डिसेंबरात रेनकोटला कोणी हात लावत नाही, अशी त्याची समजूत होती. सुचितानं तो दर आठवड्याला झटकला होता.

"तो घ्यायच्या आत आपण घ्यायचे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "चारही. मागचेपण. मग बघतो मागचा भाग कोणाचा ते. पण मी यात दिसायला नको. तू जा."

पाच वाजता कल्पितानं परेशला तेच सांगितलं, फक्त पुढचे आणि मागचे यांची अदलाबदल करून. परेश जेवत नव्हता, म्हणून त्याला नोटा काढायला कमी वेळ लागला.

सुचितानं खोटं असं काहीच सांगितलं नव्हतं. परेश चारही टायर घेणार, हे तिनं दोन वाजता सांगितलं, आणि परेशनं ते पाच वाजता ठरवलं. बातमी तीन तास लवकर आली, एवढंच. वर्तमानपत्रवाले तर याच्याबद्दल बक्षिसं घेतात.

संध्याकाळी दोघींनी पैसे दगडावर ठेवले. दोन सेटचे झाले.

"एक परत करू या?" कल्पितानं विचारलं.

"कोणाचा करणार? ज्याचा परत करू तो विचारील, का करताय."

"मग?"

"मुनाफभाईकडे गाड्या दोन आहेत ना भंगारातल्या."

"आठ टायर, ताई? आपण काय रेल्वे काढतोय?"

"असू देत," सुचिता म्हणाली. "किनारा मोठा आहे."

शुक्रवारी दोन्ही भावांनी गावाबाहेर जायचं ठरवलं. टायर चढताना आपण इथं नव्हतो, हे चार लोकांनी बघितलेलं बरं. हरेश्वर श्रीवर्धनला निघाला, परेशही श्रीवर्धनला निघाला, दिवेआगरातून दुपारी निघणारी एसटी एकच. ते एकाच बाकावर बसले, कारण दुसरीकडे जागा नव्हती. रस्ताभर एक समुद्राकडे बघत गेला, दुसरा डोंगराकडे. दोघांच्या चेहऱ्यावर एकच हसू होतं, असं कंडक्टर नंतर सांगत असे.

इकडे मुनाफभाईचा टेम्पो आला. त्यानं गाडी चिऱ्यांवर चढवली, जुने टायर उतरवले आणि आंब्याच्या पानांवरून एकदा हात फिरवला. तासाभरात चिंबोरी चार गुबगुबीत टायरांवर उभी राहिली. हवा त्यानं मुद्दाम कमी भरली, वाळूत पसरून चालावेत म्हणून. मग त्यानं पावतीपुस्तक काढलं.

"नाव कोणाचं लिहू, भाभी?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि नावं सांगितली.

शनिवारी आठ वाजता किनाऱ्यावर आठ गाड्या ओळीत उभ्या होत्या. बाबाजी इस्त्रीचा सदरा घालून आला होता, हातात वही आणि काडेपेटी. मागे गणराज, नव्या गाडीची चावी बोटावर फिरवत. काडेपेटीचा शोध बाबाजीचा स्वतःचा : काडी टायरच्या नक्षीत खुपसायची, गुल बुडालं तर टायर पास.

पाच नंबरशी आल्यावर तो वाकला. काडी घातली. गुल बुडालं. दुसऱ्या टायरला घातली, बुडालं. तिसऱ्या, चौथ्या. गणराजच्या बोटावरची चावी थांबली.

"टायर झ्याक हायेत," बाबाजी नाइलाजानं म्हणाला. "कोणी घातले?"

"मी," हरेश्वर म्हणाला.

"मी," परेश म्हणाला.

मग दोघांनी मान वळवली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे सरळ बघितलं.

"तू कुठले घातलेस? चारही माझे आहेत!"

"तुझे? तुझे ते मासे-पानं कोरलेले! हे माझे. पुढचेही माझे. आता पुढचा भागही माझा!"

"मागचा माझा आहे, तू पुढच्याचं काय सांगतोस?"

"दादा, तोंड सांभाळ!"

"दादा म्हणू नकोस मला! मागून टायर घालतोस आणि पुढून दादा म्हणतोस!"

पर्यटक मोबाईल काढून शूटिंग करू लागले. बाबाजीच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू ऊन पडत गेलं. त्यानं वही उघडली. "हे बघा, गाडी कोणाची ह्याच्यावरनं वाद हाय. मंडळाचा नियम हाय, वादातली गाडी लायनीत उभी ऱ्हात न्हाय. वाद मिटवा, मंग या. तवर पाच नंबर..."

तो नियम कोणी वाचला नव्हता, कारण मंडळाचे नियम बाबाजी डोक्यात ठेवत असे आणि गरज पडेल तसा एकेक बाहेर काढत असे. पण गणराजनं चावी परत फिरवायला सुरुवात केली होती. सुचिताला दिसलं : आपणच लावलेली काडी आपल्याच गंजीला लागत होती. ती पदर खोचून पुढे झाली.

"वाद कसला, बाबाजीभाऊ? टायर ह्यांचे नाहीत, आणि भाऊजींचेही नाहीत." तिनं पावती पुढे केली. "वाचा."

बाबाजीनं वाचली. मग चष्मा काढून परत वाचली. एव्हाना फिरायला निघालेले दादूअण्णा माकडटोपी घालून तिथं येऊन थांबले होते. त्यांनी पावती मागून घेतली, कागद दिसला की त्यांना राहवत नसे.

"सौ. सुचिता आणि सौ. कल्पिता," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "टायर नग आठ."

"पैसे माझे होते!" हरेश्वर ओरडला.

"होते," सुचिता म्हणाली.

"माझे पण होते!"

"हो," कल्पिता म्हणाली.

दादूअण्णांनी घसा साफ केला. "इथं फणसाचा दाखला लागू पडतो. पुढचे ज्यांनी घातले, पुढचा भाग त्यांचा. मागचे ज्यांनी घातले, मागचा त्यांचा. इंजिन सामायिक, सामायिक वाटेवर कोणाला एकट्याला मालकी सांगता येत नाही. गाडी बायांची." त्यांनी पावतीची नीट घडी घातली. पस्तीस वर्षांत इतका स्वच्छ निकाल त्यांच्या हातून झाला नव्हता.

"पण मंडळात बायांच्या नावावर नंबर न्हाय," बाबाजी म्हणाला. "तसा नियम हाय."

कल्पितानं त्याच्या हातातली काडेपेटी अगदी अदबीनं काढून घेतली. ती ओळीच्या सुरुवातीला गेली, जिथं नंबर एक उभी होती. नंबर एक बाबाजीची, तिला त्यानं काडी लावलीच नव्हती. ती खाली बसली, मागच्या टायरवर काडी टेकवली. काडीला शिरायला जागाच नव्हती, ती आडवी झाली आणि घरंगळून वाळूत पडली. कल्पितानं दुसरी काढली. तीही पडली.

बघ्यांतून कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. शूटिंग करणाऱ्यांनी मोबाईल तिकडे वळवले.

"गोटा टायरची गाडी लायनीत उभी राहणार नाही, असंच ना?" सुचितानं विचारलं. "आणि नंबर गेला तो गेला."

"अगो, मी अध्यक्ष हाय!"

"टायरला ठाऊक आहे का?"

बाबाजीनं गणराजकडे बघितलं. गणराज नंबर एककडे बघत होता, आणि त्याच्या बोटावर चावी पुन्हा फिरू लागली होती. एक गेला काय नि पाच गेला काय, जावयाला दोन्ही सारखेच. ते बाबाजीच्याही ध्यानात आलं, तसा त्याचा सदरा काखेत भिजू लागला.

"आठाचीच रिम आहे ना तुमची?" सुचिता म्हणाली. "येसूबाईच्या शहाळ्यांमागे गोणतं आहे. चार नग. मुनाफभाई नाक्यावर चहा पितायत, तासाभरात चढवून देतील. आपल्या माणसाला म्हणून पाच हजार."

"पाच? पावतीवर तर..."

"पावती म्हसळ्याची आहे. हे दिवेआगर आहे."

बाबाजीनं समुद्राकडे बघितलं. तिकडून काही मदत आली नाही. मग त्यानं वही मांडीवर घेतली, पाच नंबरपुढचं हरेश्वरचं नाव खोडलं, परेशचं खोडलं, आणि दोन नवी नावं लिहिली. सुचितानं ती वाकून वाचली. कल्पिताचा 'ल्पि' त्यानं चुकवला होता, तो तिनं नीट करून घेतला.

"आता रिकामी फेरी," बाबाजी म्हणाला. "तपासलेली गाडी एकदा लायटीच्या खांबापर्यंत नेऊन आणायची. चालवणार कोण?"

हरेश्वर पुढे झाला, परेशही झाला. पण कल्पिता हँडल धरून बसली होती.

"तुला कुठं येते?" परेशनं विचारलं.

"तुम्ही दुपारचे झोपता तेव्हा नारळ कोण आणतं वाडीतून?"

सुचिता तिच्या मागे बसली. दोन्ही भाऊ काय करावं ते न सुचून तिथंच उभे होते. बाबाजीला निदान कोणावर तरी अधिकार गाजवायचा होता. फेरी चालू असताना पोरं मध्ये येऊ नयेत म्हणून मंडळाची एक लांब दोरी होती. तिची दोन टोकं धरायला नेहमी दोन रिकामी माणसं लागत.

"तुम्ही दोघं रिकामेच हाव ना?" तो म्हणाला आणि दोरी त्यांच्याकडे फेकली. "धरा. आणि खाली सोडू नका, परवा एक आजी अडकून पडली."

इंजिन खोकलं आणि सुरू झालं. गाडी सरळ निघाली, नाकासमोर, वाळूवर दोन रुंद पट्टे उमटवत. कल्पितानं काय वेग घेतला कोण जाणे, सुचितानं तिची कंबर दोन्ही हातांनी धरली आणि ओरडली, आणि ते भीतीचं ओरडणं नव्हतं, हे लांबूनही कळत होतं.

इकडे दोरी मधोमध लोंबत होती.

"ताणून धर," हरेश्वर म्हणाला.

"तू धर आधी," परेश म्हणाला.